रात्रीच्या नेमबाजीचा सराव : काडतुसे कमी, उजेडाचा विचार जास्त

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

कमी उजेडातल्या नेमबाजीचा विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा दोन वस्तूंवर येऊन थांबते : पिस्तुलाला लावायचा दिवा आणि अंधारात चमकणारी साईट (नेम जुळवायची खूण). रेंजवर तर वर्षातून एकदा दिवे मालवायचे, प्रत्येकाने दहा-वीस गोळ्या झाडायच्या, कागदावरची भोके मोजायची आणि रात्रीचा सराव झाला अशी नोंद करायची, एवढ्यावरच अनेकदा भागवले जाते. पोलीस, सुरक्षा रक्षक आणि परवानाधारक नेमबाज यांना शिकवणारे प्रशिक्षक म्हणून आमचा या पद्धतीला आक्षेप आहे. अंधारात नेम चुकण्याच्या आधी ओळख चुकते. समोर कोण आहे, त्याच्या हातात काय आहे, त्याच्या मागे काय आहे हे न कळता झाडलेली गोळी अगदी मधोमध लागली तरी ती चूकच. सरावाचा क्रम, वेळ आणि गोळ्यांची संख्या हे सगळे यावरून ठरायला हवे.

आधी अंधार म्हणजे किती अंधार ते पाहू. ऑलिंपिक पद्धतीच्या १० मीटर बंदिस्त रेंजवर लक्ष्यफलकावर किमान १५०० लक्स (लक्स हे उजेडाचे माप) उजेड असावा लागतो. कार्यालयात ३०० ते ५००, रस्त्यावरच्या दिव्याखाली १० ते २०, पौर्णिमेच्या चांदण्यात ०.१ ते ०.३ आणि नुसत्या ताऱ्यांच्या उजेडात ०.००१ लक्सच्या आसपास. म्हणजे 'कमी उजेड' ही एक स्थिती नाही. दिव्याखालचा रस्ता आणि अमावास्येचे शेत यांत दहा हजार पटींचा फरक आहे. दोन्हींसाठी एकच सराव पुरत नाही. रेंजवर साधा लक्समापक ठेवावा आणि लक्ष्यापाशी व नेमबाजाच्या डोळ्यापाशी अशी दोन मापे घ्यावीत. मोबाइलमधले मापक अंदाजापुरते चालते, पण अगदी कमी उजेडात त्यावर विसंबू नये.

आता डोळा. दृष्टिपटलाच्या मध्यबिंदूत फक्त शंकुपेशी असतात. बारकावे आणि रंग त्या टिपतात, पण त्यांना उजेड लागतो. मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशी मध्यबिंदूत नसतातच. त्या सभोवती पसरलेल्या असतात. त्यामुळे अंधारात एखाद्या वस्तूकडे थेट रोखून पाहिले की ती नाहीशी होते, आणि नजर हात लांब करून धरलेल्या मुठीएवढी, म्हणजे सुमारे १० अंश, बाजूला नेली की पुन्हा दिसते. नजर एका जागी खिळवून ठेवली तरी काही सेकंदांत आकृती विरघळते, म्हणून ती सतत थोडी हलती ठेवावी लागते. हे कौशल्य शिकवता येते आणि त्यासाठी एकही गोळी लागत नाही. मात्र त्याची मर्यादा नीट समजून घ्यावी. कडेच्या नजरेने हालचाल आणि आकार सापडतो, हातातली वस्तू ओळखता येत नाही आणि साईटही जुळवता येत नाही. ओळख आणि नेम ही दोन्ही कामे मध्यबिंदूची, आणि मध्यबिंदूला उजेड हवाच. टॉर्चची गरज इथून सुरू होते.

डोळा अंधाराला सरावायला वेळ घेतो. शंकुपेशी पाच-दहा मिनिटांत जमेल तेवढ्या सरावतात. दंडपेशींना पूर्ण जागे व्हायला अर्धा तास किंवा त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. मोबाइलचा पडदा एकदा उघडला की त्यातला मोठा भाग वाया जातो. नळीच्या तोंडाशी होणाऱ्या ज्वाळेला लोक फार घाबरतात, पण ती क्षणभराची असते. पांढऱ्या भिंतीवरून किंवा कागदावरून परतून येणारा टॉर्चचा झोत डोळ्यांचे त्याहून जास्त नुकसान करतो. तेजस्वी उजेडातून जावे लागणार असेल तर एक डोळा मिटून ठेवावा, म्हणजे निदान त्या डोळ्याचा सराव टिकतो. लाल दिव्याने दंडपेशी शाबूत राहतात हे खरे, पण लाल उजेडात लाल शाईची वर्तुळे आणि खुणा दिसेनाशा होतात. नोंदी वाचायला अगदी मंद पांढरा दिवाही चालतो. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

वयाचाही विचार हवा. साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्याच्या मानाने मंद उजेडात साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, कारण बाहुली तेवढी मोठी होत नाही आणि डोळ्यातले भिंग पिवळसर झालेले असते. तरुणाची बाहुली मोठी होते खरी, पण बाहुली मोठी झाली की एकाच वेळी स्पष्ट दिसणाऱ्या अंतराचा पट्टा अरुंद होतो; दिवसा फोरसाईट (पिस्तुलाच्या पुढच्या टोकावरची साईट) आणि लक्ष्य दोन्ही बरे दिसणाऱ्यालाही रात्री एकच काहीतरी स्पष्ट दिसते. शिवाय अंधारात काहींना थोडा जवळचा नंबर असल्यासारखे लांबचे धूसर दिसते. दिवसा बरे दिसते म्हणून चष्मा खिशात ठेवणाऱ्यांनी रात्री तो लावून पाहावा. रातांधळेपणाची तक्रार असलेल्याला रेंजवर आणण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवावे. रात्री संरक्षक चष्मा बिनरंगाचाच घालावा, हे सांगायला नको, पण सांगावे लागते.

साईटबद्दल आमचे मत थोडे वेगळे आहे. ट्रिटियम या किरणोत्सारी वायूच्या साईटला उजेड लागत नाही, ती स्वतः चमकते. पण ट्रिटियमचे अर्धआयुष्य १२.३ वर्षे आहे, म्हणजे जुन्या पिस्तुलावरची साईट निम्म्याहून मंद झालेली असू शकते. दिवे मालवून ती दरवर्षी तपासावी. तीन सारखे ठिपके असलेल्या साईटमध्ये एक ठरलेली चूक होते : अंधारात फोरसाईटचा ठिपका मागच्या दोन ठिपक्यांच्या मधे न राहता त्यांच्या बाहेर डावीकडे किंवा उजवीकडे जातो, तीन ठिपके ओळीत दिसतात म्हणून नेमबाज निश्चिंत असतो आणि गोळी भलतीकडे जाते. मागचे ठिपके वेगळ्या रंगाचे किंवा मंद असावेत, नाहीतर मागची साईट कोरी काळी असावी. फायबर ऑप्टिक साईट दिवसा झगझगीत दिसते, पण ती भोवतालचा उजेड गोळा करून चमकते. उजेडच नसेल तर ती फक्त काडी उरते.

आणि टॉर्च लागला की चित्र उलटते. उजळलेल्या लक्ष्यासमोर साध्या काळ्या साईटची कड इतकी स्पष्ट उठून दिसते की चमकत्या ठिपक्यांची गरजच राहत नाही. चमकती साईट खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती एका अरुंद पट्ट्यात : भोवतालच्या उजेडाने लक्ष्य ओळखता येते, पण काळी साईट त्यावर दिसत नाही, तेव्हा. रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साईट) असेल तर तेज टॉर्च लावूनच जुळवावे. अंधारात सुखद वाटणारा ठिपका टॉर्चच्या झोतात पुसला जातो, आणि झोतात नीट दिसणारा ठिपका टॉर्चशिवाय फुलून लक्ष्य झाकतो. दोन्हींच्या मधली पायरी शोधावी. आपोआप तेज बदलणारे डॉट नेमबाजाच्या आसपासचा उजेड मोजतात, लक्ष्यावरचा नाही, हेही ध्यानात ठेवावे.

साईट थोडी हलली तर किती फरक पडतो, याचा हिशेब सोपा आहे. साईटमधली चूक गुणिले अंतर, भागिले दोन्ही साईटमधले अंतर. हे अंतर १६० मिलिमीटर असलेल्या पिस्तुलात एक मिलिमीटरची चूक ३ मीटरवर १९ मिलिमीटर, ५ मीटरवर ३१ आणि १० मीटरवर ६२ मिलिमीटर होते. म्हणून सुरुवात ३ ते ५ मीटरवर करावी. १० मीटरच्या पुढे रात्री जायची घाई कशाला?

टॉर्चवर जरा सविस्तर लिहायला हवे, कारण खरेदीत सर्वांत जास्त फसगत इथे होते. डब्यावर मोठ्या आकड्यात ल्युमेन छापलेले असतात. तो एकूण बाहेर पडणारा प्रकाश. लक्ष्यावर किती उजेड पडेल ते कॅन्डेला, म्हणजे एका दिशेतल्या झोताची तीव्रता, ठरवते. कॅन्डेलाला मीटरमधील अंतराच्या वर्गाने भागले की लक्स मिळतात : १०,००० कॅन्डेलाचा टॉर्च ५ मीटरवर ४०० लक्स देतो, १० मीटरवर १००, २५ मीटरवर फक्त १६. पुन्हा, पांढरा कागद पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांच्या आसपास परत फेकतो, गडद कापड त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पांढऱ्या कागदावर सराव केलेला माणूस गडद शर्टातल्या माणसासमोर चाचपडतो तो यामुळे. उपाय स्वस्त आहे : फलकावर जुने काळे-निळे शर्ट अडकवावेत.

टॉर्चचे बटण मागच्या टोकाला असावे आणि दाबून धरले तेवढाच वेळ दिवा लागावा. दुसऱ्या दाबाला मंद आणि तिसऱ्याला लुकलुक असे प्रकार असलेला टॉर्च या कामाला नको; गडबडीत हमखास नको तो प्रकार लागतो. बरेच एलईडी टॉर्च तापल्यावर स्वतःहून तेज कमी करतात, म्हणून नवा टॉर्च पाच मिनिटे चालू ठेवून मग मोजावा. साधे अल्कलाइन सेल आत विसरले तर गळतात आणि हळूहळू मंदावतात. सीआर१२३ए प्रकारचे लिथियम सेल वर्षानुवर्षे टिकतात, पण नवे-जुने एकत्र घालू नयेत. रिचार्जेबल सेलमधले संरक्षक सर्किट मात्र सूचना न देता दिवा एकदम बंद करू शकते. म्हणून प्रत्येक सरावाआधी सेल भरलेला असल्याची खात्री आणि खिशात दुसरा टॉर्च, एवढे हवेच.

हातात टॉर्च धरण्याच्या तीन पद्धती शिकवाव्यात, जास्त नकोत. पहिलीत टॉर्चचा हात शरीरापासून दूर, थोडा वर आणि पुढे. शोध घ्यायला ही चांगली, पण हात थकतो आणि झोत लक्ष्यावरून सरकतो. दुसरीत टॉर्च जबड्याला किंवा मानेला टेकवायचा. डोके जिकडे वळेल तिकडे झोत वळतो, टॉर्च पटकन स्थिरावतो. तोटा असा की पिस्तुलाच्या मागच्या बाजूवर झोत पडून पांढऱ्या ठिपक्यांची चमक डोळ्यात येते. तिसरी हॅरीज पद्धत, १९७० च्या दशकात रूढ झालेली. तिच्यात दोन्ही हातांचे मागचे भाग एकमेकांवर दाबून धरतात. तिच्यात क्रम चुकला तर टॉर्चचा हात नळीसमोरून जातो. म्हणून आधी पिस्तूल पुढे न्यायचे, ते स्थिर झाले की टॉर्चचा हात खालून, मनगटाखालून वर आणायचा आणि मग दाब द्यायचा. परत येतानाही टॉर्चचा हात आधी बाहेर. हा क्रम रिकाम्या पिस्तुलाने, उजेडात, सावकाश किमान पन्नास वेळा बिनचूक झाल्याशिवाय काडतूस हातात देऊ नये. पहिल्या दोन पद्धतींत पिस्तूल एका हातात असते. एका हाताने दिवसा बरा नेम नसलेल्याचा रात्रीचा सराव व्यर्थ आहे.

पिस्तुलाला जोडलेल्या दिव्याने दोन्ही हात पिस्तूल धरायला मोकळे राहतात हा मोठा फायदा. पण त्या दिव्याने शोध घेणे म्हणजे दिसेल त्या प्रत्येक गोष्टीवर नळी रोखणे, मग ते घरातले मूल असो की सहकारी. शोध हातातल्या टॉर्चने आणि जमिनीवरून परतणाऱ्या उजेडाने घ्यायचा. पिस्तूल ठरवल्यानंतरच बाहेर. दुसरा धोका कमी लोकांना माहीत असतो. एका हाताची बोटे जोरात आवळली की दुसऱ्या हाताची बोटेही नकळत आवळली जातात. टॉर्चचे बटण दाबताना ट्रिगरवर बोट असेल तर गोळी सुटू शकते. त्यामुळे बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, फ्रेमवर सरळ. दिवा लागला, दिसले, ठरले, मग बोट आत. हा क्रम प्रशिक्षकाने प्रत्येक वेळी शेजारी उभे राहून पाहावा.

रेंजवरच्या सुरक्षेचे दिवसाचे नियम रात्रीही तेच, पण ते पाळले जात आहेत की नाही हे दिसत नाही, अडचण इथे आहे. प्रत्येक नेमबाजाच्या कॉलरला मागच्या बाजूस एका रंगाची लाइट स्टिक आणि रेंज अधिकाऱ्याला दुसऱ्या रंगाची लावावी. रांगेत चारपेक्षा जास्त नेमबाज नकोत आणि नवख्यांसाठी दोघांमागे एक प्रशिक्षक असावा. बॅकस्टॉप (लक्ष्यामागे गोळ्या अडवणारा बांध), दगड, लोखंडी खांब हे दिवसा उजेडी तपासून घ्यावे. इअरप्लग आणि त्यावर मफ (कान झाकणारे कवच) असे दुहेरी संरक्षण घातले की तोंडी आज्ञा ऐकू येत नाहीत, म्हणून एक खूण पक्की असावी : पांढरे दिवे लागले की गोळीबार बंद, बोट बाहेर, नळी लक्ष्याकडे. दिव्यांचे बटण कोणाच्या हातात आहे हे सगळ्यांना माहीत हवे.

पिस्तूल रिकामे झाले हे अंधारात नुसते पाहून ठरवू नये. नळी बॅकस्टॉपकडे, मॅगझिन (काडतुसांची पेटी) काढून खिशात, स्लाईड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) तीनदा पूर्ण मागे ओढून उघडी अडकवायची, मग करंगळी चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या जागेत) आणि मॅगझिनच्या पोकळीत घालून स्पर्शाने खात्री करायची. त्यानंतर दुसऱ्याने टॉर्चने आणि बोटाने तेच. मॅगझिन काढण्याआधी स्लाईड ओढली तर चेंबरमध्ये नवे काडतूस चढते. अंधारात ही चूक हमखास होते. खाली पडलेले काडतूस शोधत वाकायचे नाही, दिवे लागल्यावर उचलायचे. रांगेवर एकावेळी एकाच कॅलिबरची (नळीच्या मापाची) काडतुसे. दारू नीट न पेटलेल्या काडतुसाची गोळी नळीतच अडकते. दिवसा कागदावर भोक नाही हे दिसते, रात्री दिसत नाही, आणि दुसरी गोळी झाडली की नळी फुगते किंवा फुटते. आवाज दबका आला, धक्का हलका लागला की थांबायचे, पिस्तूल रिकामे करायचे आणि नळीतून दांडी आरपार जाते का ते पाहायचे. शंका वाटली तरी इतके करावेच.

एका सरावाला नव्वद मिनिटे आणि पन्नास काडतुसे पुष्कळ झाली. दिवस मावळण्याआधी ५ मीटरवर दहा गोळ्या, नोंद म्हणून. मग काडतुसे रांगेपासून दूर ठेवून, डमी (दारू नसलेल्या) काडतुसांनी, उजेड उतरत असताना अर्धा तास : टॉर्चचे तीन पवित्रे, मॅगझिन बदलणे, अडकलेले पिस्तूल मोकळे करणे. मॅगझिन बदलताना टॉर्च काखेत धरावा किंवा मनगटाच्या दोरीवर सोडावा. दातात धरला तर बोलता येत नाही आणि झोत स्वतःच्याच हातांवर पडतो. पिस्तूल चालेनासे झाले की ते का थांबले हे स्पर्शाने ओळखायला शिकवावे : स्लाईड मागे अडकली असेल तर मॅगझिन संपले, पुढे पूर्ण मिटली नसेल तर काडतूस नीट बसले नाही.

उरलेल्या चाळीसपैकी दहा एका हाताने भोवतालच्या मंद उजेडात, पंधरा टॉर्चने, आणि पंधरा ओळखीच्या सरावाला. या शेवटच्या भागासाठी सहा फलक घ्यावेत, माणसाच्या आकाराचे, गडद कपड्यातले. हातात मोबाइल, पाकीट, छत्री, काठी, रिकामा पंजा, आणि एखाद्याच्या हातात पिस्तुलाचे चित्र. नेमबाज पाठमोरा असताना फलकांची आदलाबदल करावी आणि त्या वेळी सगळी पिस्तुले रिकामी, टेबलावर, स्लाईड उघडी. मग वळायचे, दिवा, पाहणे, जे दिसले ते मोठ्याने सांगणे आणि तरच गोळी. दर तिसऱ्या फेरीत गोळी झाडण्यासारखा एकही फलक नसावा. चुकीच्या फलकाला एक गोळी लागली तर त्या फेरीचे गुण शून्य, बाकीच्या कितीही अचूक असोत. या भागात टायमर लावू नये.

दिवे लागल्यावर भोके पाहताना कारण शोधावे. गोळ्या वर गेल्या असतील तर बहुधा मंद उजेडात फोरसाईट दिसावी म्हणून ती मागच्या खाचेच्या वर उचलली गेली. उजव्या हाताच्या नेमबाजाच्या गोळ्या खाली-डावीकडे असतील तर ट्रिगर झटक्यात ओढला गेला. ज्वाळेच्या अपेक्षेने हे रात्री वाढते. त्यासाठी पाच काडतुसांत दोन डमी मिसळून दुसऱ्याने मॅगझिन भरावे, डमीवर नळी किती बुडते ते लगेच कळते. भोके आडवी विखुरली असतील तर बहुतेकदा फोरसाईट खाचेत मधोमध राहिलेली नसते, किंवा टॉर्चचा हात पिस्तुलाला ढकलत असतो. सरावानंतर साबणाने हात-तोंड धुतल्याशिवाय खाणे-पिणे नको, शिशाची पूड दिसत नाही.

रेंजच्या नोंदवहीत आज गुणांचा एकच रकाना असतो. त्याच्या शेजारी आणखी तीन आखावेत अशी आमची रेंजचालकांना विनंती आहे : लक्ष्यावरचे लक्स, टॉर्चची पद्धत आणि चुकीच्या फलकावर गेलेल्या गोळ्या. रात्रीच्या सरावात उत्तीर्ण करायचे की नाही, हे शेवटच्या रकान्यावरून ठरवावे.

आपले,
नेमबाजी प्रशिक्षक